सेलांचं सेवापुस्तक

आमच्या घरात सेल विकत आणला की तो आधी रुजू व्हायचा. म्हणजे आमचे हे त्याच्या अंगावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे, त्यावर बारीक अक्षरात तारीख घालायचे आणि मग एका लांबट वहीत त्याची नोंद करायचे. वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'सेवापुस्तक' असं लिहिलेलं होतं. हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, आणि आता या वयात सुरुवात करून मला कुणाला दचकवायचं नाही. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांची उभी हयात गेली. कोण कधी रुजू झालं, कुणाची बदली कुठं झाली, कोण कुणापेक्षा ज्येष्ठ, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर हाताखाली माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी पेन्सिल सेल धरले.

नव्या सेलाची पहिली नेमणूक ह्यांच्या कानाच्या मशीनमध्ये व्हायची. ते मशीन म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. ती सदऱ्याच्या खिशात राहायची आणि तिची वायर वर कानातल्या बोंडापर्यंत जायची. डबीत एक सेल लागे. आवाज मंद वाटायला लागला की त्या सेलाची बदली टॉर्चमध्ये. भारनियमनाचे दिवस होते, आमच्या उस्मानपुऱ्यात दिवसातून दोनदा तरी वीज जायची, त्यामुळं टॉर्चचं पद महत्त्वाचं मानलं जाई. तिथून टीव्हीचा रिमोट, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ, कारण घड्याळाला फार काही लागत नाही. घड्याळातही जो चालेना त्याला गच्चीवर उन्हात ठेवत. वहीत त्याची नोंद 'वैद्यकीय रजा' अशी व्हायची. उन्हातून परत येऊनही जो हलला नाही तो सेवानिवृत्त. निवृत्तांसाठी वनस्पती तुपाचा एक जुना डबा होता. तो भरला तरी फेकायची सोय नव्हती, कारण ह्यांच्या मते निवृत्त झालेल्याला कुणी कचऱ्यात टाकत नाही.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माणसाला काहीतरी नाद असावाच. पण माझी एक मागणी होती, आणि ती जगावेगळी नव्हती. मी बोलेन ते ह्यांनी पहिल्याच खेपेला ऐकावं आणि त्याला उत्तर द्यावं. एवढंच. मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही खारे वारे आणि मतलई वारे नीट ऐकू जायचे. घरात मात्र एका माणसाला चहा ठेवू का हे विचारायचं तर तीनदा विचारावं लागायचं आणि तरी उत्तर नाही. कारण डबी बंद. हे डबी दिवसभर बंदच ठेवायचे. बातम्यांना चालू, पाहुणे आले की चालू, भाजीवाला आला की चालू. मी बोलायला लागले की आधी माझ्याकडं टक लावून बघायचे, बोलणं महत्त्वाचं आहे की नाही याचा अंदाज घ्यायचे, आणि मग खिशात बोट घालून खटका दाबायचे. तोवर माझं वाक्य संपलेलं असायचं. मी चिडले की खिशावर हात ठेवून सांगायचे, सेल उगाच जळतो.

उत्तर न देण्याचीही त्यांची एक तऱ्हा होती. ओठ हलल्यासारखे करायचे आणि मान फिरवायची. मी स्वयंपाकघरातून विचारायची आणि मग स्वतःच ठरवून कपभर चहा नेऊन ठेवायची. त्यातला अर्धा हे पीत, अर्धा तसाच ठेवत. चार वर्षं मी रोज अर्धा कप चहा कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला, आणि रोज मनातल्या मनात बोलले. मनातल्या मनात म्हणजे माझ्या समजुतीनं. शेजारच्या वहिनी मात्र कधीकधी जिन्यात थांबवून विचारायच्या, आज पण चहा सोडला का भाऊंनी? भिंती पातळ आहेत, असं मी म्हणायची. तेव्हा माझी सगळ्याच वस्तूंबद्दल तक्रार होती म्हणा. कुकरची शिट्टी बारीक वाजायला लागली होती. ती मी दोनदा बदलून आणली. दारावरची बेल नीट वाजत नव्हती. हल्ली चांगला माल येतच नाही, असं माझं ठाम मत होतं.

असो. सेल जळतो हीच जर अडचण आहे, तर न जळणारा सेल आणावा, असं मी एक दिवस ठरवलं आणि रिक्षा करून औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. तिथल्या एका दुकानदाराची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. त्यांना मी सगळं सांगितलं. दुकानातली चारपाच गिऱ्हाईकं वळून बघत होती. लोकांना दुसऱ्याच्या घरचं ऐकायची फार हौस असते. दुकानदारांनी काउंटरखालून चार्जर काढला, हिरव्या रंगाचे चार सेल काढले आणि म्हणाले, "टीचर, ये लेके जाव. उतरा तो फिर भर लेव, बरसों देखना नै. मगर सादे सेल इसमें नक्को रखो. फूटते."

घरी येऊन मी ते टेबलावर मांडले. आता सेल जळायचा प्रश्न नाही, संपला की भिंतीला लावायचा, तेव्हा डबी दिवसभर चालू राहील, असं मी जाहीर केलं. ह्यांनी चष्मा लावून चारही सेल उलटेसुलटे करून पाहिले. मग त्यांनी विचारलं की हे सेल निवृत्त कधी होतात. मी म्हटलं, होत नाहीत. नंतर वहीत त्यांनी त्या चौघांची नोंद केली खरी, पण लाल शाईनं, आणि शेरा मारला की ही पदं आस्थापनेच्या नियमांत बसत नाहीत.

तो शेरा किती खरा होता हे पंधरा दिवसांत कळलं. आमच्या घरात वरून उतरलेल्या सेलांवर सगळं चालत होतं. आता वरच्या जागी बसलेला हिरवा सेल खाली उतरेचना. थकला की चार्जरवर जायचा आणि ताजातवाना होऊन पुन्हा त्याच खुर्चीत. त्यामुळं टॉर्चला कुणी मिळेना. टॉर्चमधलं कुणी सुटलं नाही म्हणून रिमोटला मिळेना. आधी टॉर्च मिणमिणला, मग रिमोट बंद पडला, आणि एका दुपारी भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांनी थांबलं. मी म्हटलं, एक नवा सेल आणून घड्याळात घाला. ह्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी वशिला लावायला आले होते. थेट भरती? घड्याळाच्या पदावर? ज्यांनी डबीपासून टॉर्च, रिमोट करत करत सेवा केली त्यांच्या तोंडाला पानं पुसायची? मग हिरवा घाला, मी म्हटलं. तर हिरव्यांना खालच्या पदावर पाठवणं ही शिक्षा ठरते, आणि चौकशीशिवाय शिक्षा देता येत नाही. महिनाभर आमच्याकडं चार वीसच वाजलेले होते.

या काळात निवृत्तांवर अन्याय होतोय हेही त्यांच्या मनानं घेतलं. हिरव्यांना रोज भिंतीतून खायला घालायचं आणि जुन्यांना उन्हात वाळत टाकायचं, हे त्यांना बघवेना. मी भिशीला गेलेली असताना त्यांनी डब्यातले सगळ्यात ज्येष्ठ दोघे काढून चार्जरवर बसवले. दुकानदारांनी बजावलं होतं, मी ते ह्यांना सांगितलंही होतं, पण डबी बंद होती. मी परत आले तेव्हा घरभर जळका वास होता आणि दोन्ही सेलांतून तपकिरी चिकट पाणी चार्जरवर ओघळलं होतं. हे हातात वही घेऊन शेजारी उभे होते. दोघांच्या नावापुढं त्यांनी 'सेवेत असताना' एवढंच लिहिलं होतं आणि पुढं काय लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं. मी खूप बोलले. चार्जर पुसून कोरडा केला, तो नशिबानं चालला.

त्या दिवसापासून मी कडक झाले. रोज सकाळी अंघोळीनंतर ह्यांच्या खिशातली डबी मी स्वतः तपासायची. खटका चालूवर आहे का बघायचं आणि मगच पोहे द्यायचे. दुपारी पुन्हा एकदा बघायचं. शाळेत मुलींची नखं तपासायची सवय होती, ती अशी उपयोगी पडली.

पहिले तीन दिवस हे दाढ दुखत असल्यासारखे घरात वावरत होते. मी भांडं ठेवलं की डोळे मिटायचे. मी बोलायला लागले की खांदे वर घ्यायचे. मी म्हटलं, सवय होईल. आणि चौथ्या दिवशी झालीच की. चौथ्या दिवशी ह्यांचा चेहरा एकदम निवळला. मी बोलत होते आणि हे माझ्याकडं बघून शांतपणे मान हलवत होते. खटका चालू होता, मी पाहिला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी बोलत सुटले. पुढचे आठ दिवस मी ह्यांना सगळं सांगितलं. शाळेत मला डावलून दुसरीला मुख्याध्यापिका केलं तेव्हा मी मुतारीत जाऊन रडले होते, ते सांगितलं. ह्यांच्या आईनं एकदा माझी पुरणपोळी पाहुण्यांसमोर परत पाठवली होती, ते सांगितलं. हर्सूलच्या तलावावर आम्ही लग्नानंतर गेलो होतो आणि हे पूर्ण वेळ एका कारकुनाच्या बदलीविषयी बोलत होते, तेव्हा मला ह्यांना पाण्यात ढकलावंसं वाटलं होतं, तेही सांगितलं. हे मान हलवत राहिले. एकदा तर हसले. संसारातले सगळ्यात सुखाचे आठ दिवस कुठले असं कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितले असते.

नवव्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत झाडत होते आणि सहज वर पाहिलं. घड्याळात साडेनऊ वाजले होते. माझ्या हातातल्या घड्याळातही साडेनऊ. मी केरसुणी टाकून स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं आणि मागचं झाकण काढलं. आत हिरवा सेल होता. मग मी ह्यांच्यापुढं जाऊन हात पसरला. ह्यांनी मुकाट्यानं डबी काढून दिली. डबीत निवृत्तांच्या डब्यातला सेल होता. अंगावर पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि त्यावर ह्यांच्या बारीक अक्षरात 'पुनर्नियुक्ती'.

मी आठ दिवस एका मेलेल्या सेलाला माझं आयुष्य सांगत होते.

भांडायचं तर होतं, पण ह्यांना ऐकू आल्याशिवाय भांडणार कशी? म्हणून मी घड्याळातला हिरवा सेल काढला, घड्याळ पुन्हा बंद पडलं, तो सेल डबीत घातला, डबी ह्यांच्या खिशात ठेवली, वायर सरळ केली, बोंड कानात नीट बसलंय ना ते पाहिलं, खटका दाबला आणि मग तोंड उघडलं. एवढ्या तयारीनं मी आयुष्यात कधी भांडले नव्हते. पहिल्याच वाक्याला ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. ते पुन्हा काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, काय? तेव्हा ह्यांनी सेवापुस्तक ओढलं, शेवटचं पान उघडलं आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं.

'गेली चार वर्षे आपणांस कमी ऐकू येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तपासणी करून घ्यावी, ही विनंती.'

मी ते दोनदा वाचलं. मग मी जे काही बोलले ते शेजारच्या वहिनींना अजून पाठ आहे. बहिऱ्यानं दुसऱ्याला बहिरं म्हणावं याची मला भयंकर चीड आली. ह्यांनी खटका बंद केला नाही. कान धरून, डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून माझ्या अगदी जवळ आले आणि आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तू लई मोठ्यानं बोलतीस गं. ह्या डबीतनं आवाज कानात सळईवानी घुसतो. म्हणून बंद ठेवत व्हतो. सेलाचं आपलं निमित्त."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"तुला वाईट वाटंल म्हणून. शाळेत तुझ्या आवाजाला सगळे मानायचे." मग त्यांनी हातानं भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं दाखवलं. "सेल घड्याळात घातला तवा वाटलं, आता सापडलो. घड्याळ एवढी टिकटिक करतंय, हिला संध्याकाळीच कळंल. आठ दिवस झाले. तुला ऐकूच आलं नाय."

ते घड्याळ माझ्या जेवायच्या जागेच्या बरोबर वर होतं.

तरी मी हार मानणारी नव्हते. ह्यांना खोटं पाडायचं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. हेही सोबत आले. बाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर पट्टा चढवला आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा असं सांगितलं. मी बोट बटणावर ठेवून बसले. बराच वेळ काहीच होईना. मला वाटलं, बाईंचंही यंत्र आमच्या कुकरच्या शिट्टीसारखंच. शेवटी मी काचेवर टकटक करून बाईंना म्हटलं, तुमच्या यंत्रातला सेल उतरलाय, आमच्याकडं चार्जवाले आहेत, पाठवून देऊ का? बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मग बाहेर बसलेल्या ह्यांच्याकडं पाहिलं. तपासणी अर्ध्याहून जास्त झाली होती.

परत येताना रिक्षात मी रडले. म्हातारपणाचं नाही, मला त्या चार वर्षांचं वाईट वाटत होतं. हे माझ्या शेजारी बसून खिशातली डबी कुरवाळत होते. काही बोलले असतील तर मला कळलं नाही.

आठवड्यानं माझीही डबी आली. ह्यांनी मला पाटावर बसवल्यासारखं खुर्चीत बसवलं आणि सेवापुस्तक काढलं. आता दोन डब्या, म्हणजे वरची पदं दोन. त्यांनी दोन दिवस विचार करून तोडगा काढला होता. त्यांच्या डबीत साधे सेल राहतील, ते थकतील, खाली उतरतील, टॉर्च, रिमोट आणि घड्याळ सगळ्यांना माणसं मिळत जातील. हिरवे चारही माझ्याकडं. मी विचारलं की तुमच्या नियमात न बसणारे सेल माझ्या माथी का? ह्यांनी वहीत बोट ठेवून दाखवलं. लाल शेरा खोडून त्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'हे पद निवृत्त होऊ नये.'

मग त्यांनी डबीत सेल घातला, झाकण लावलं आणि खटका माझा मलाच दाबायला दिला.

पहिल्यांदा घड्याळ ऐकू आलं. इतकं जोरात, की मला ते बंद करावंसं वाटलं. मग पंखा. मग गल्लीतली दुचाकी. मी "अगंबाई" म्हटलं आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले. हे हसत होते. त्यांच्या हसण्याला घशात एक लहानशी शिट्टी असते, ती मी विसरूनच गेले होते. मला फार बोलायचं होतं, पण त्या आवाजात बोलायची भीती वाटली, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. चार वाजले होते. दूध काढलं, आधणासाठी पातेल्यात पाणी घेतलं, आणि नेहमीसारखं पण हळू विचारलं, "चहा ठेवू का?"

बाहेरच्या खोलीतून लगेच, अगदी सवयीनं, मान वर न करता बोलावं तसं उत्तर आलं.

"ठेव. मला अर्धाच कप."

मी पातेल्यातलं पाणी कमी केलं.